शय्याव्रण (सतत पडून राहिल्याने दाबामुळे त्वचेवर होणाऱ्या जखमा) टाळण्यासाठी
अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस साधारणपणे दर २ तासांनी बदलावी. एअर मॅट्रेस घातली म्हणून त्यात सूट मिळत नाही. पूर्ण कुशीवर न झोपवता पाठीमागे उशी देऊन ३० अंशांच्या कलात ठेवल्यास माकडहाड आणि खुबा या दोन्हींवरचा भार हलका होतो. टाचा अधांतरी राहाव्यात म्हणून उशी पोटऱ्यांखाली द्यावी. वर सरकवताना रुग्णाला ओढू नये, दोघांनी त्याच्या अंगाखाली आडव्या घातलेल्या चादरीने उचलावे. स्पंजिंगच्या (ओल्या कपड्याने अंग पुसण्याच्या) वेळी त्वचा नीट पाहावी: लाल डाग बोटाने दाबूनही फिका पडत नसेल, तर तो भाग चोळू नये (पावडर लावून पाठ रगडण्याची जुनी सवय इथे घातकच ठरते) आणि सिस्टरना लगेच सांगावे. सावळ्या त्वचेवर लाली सहज दिसत नाही. तिथे हाताला लागणारी ऊब किंवा कडकपणा तपासावा.