सोबत्यांना ओढ लावणारी श्रद्धा कशी जोपासावी

नोकरीनिमित्त गोव्यात येऊन राहिलेल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांची तक्रार बहुधा एकच असते, ती म्हणजे मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) कोकणीत, ओळखीचे कुणी नाही, त्यामुळे रविवारी देवळात जाऊन यायचे आणि दार लावून घ्यायचे. आपल्या श्रद्धेमुळे इतर भाविकांना आपल्याजवळ यावेसे वाटावे अशी इच्छा असेल, तर त्यांना आपल्या घरी बोलावण्याची घाई करू नये. आधी त्यांच्या प्रार्थनेत पाहुणा म्हणून जाऊन बसावे.

त्यासाठी मे महिना उत्तम. वाड्यावाड्यांतल्या खुरसापाशी, म्हणजे क्रूसापाशी, संध्याकाळी लदीन ही सामूहिक प्रार्थना होते. चुना लावलेला खुरीस, त्यावर फुलांच्या माळा, पायरीवर मेणबत्त्या, एखादे व्हायोलिन आणि मरियेची लांबलचक स्तुती लॅटिनमध्ये, जी गाणाऱ्यांपैकी बहुतेकांना शब्दशः कळत नाही. म्हणून ‘ओरा प्रो नोबिस’ (आमच्यासाठी विनंती कर) एवढा प्रतिसाद परक्यालाही त्यांच्याइतक्याच हक्काने देता येतो. पहिल्या वर्षी गाणे संपताच मी घरी निघून आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या आजी खोबऱ्याचे तुकडे घातलेल्या उकडलेल्या चण्यांची वाटी घेऊन दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “काल तूं खंय गेल्लो?” प्रार्थनेनंतर चणे खात घालवलेला तो अर्धा तास टाळला की संध्याकाळचे निम्मे काम वाया जाते, हे मला त्या वाटीने शिकवले.

गोव्यातल्या बाणावलीत 1651 साली जन्मलेले धर्मगुरू संत जुझे वाझ यांचा मार्ग याहून कठीण होता. डचांच्या अमलाखालील श्रीलंकेत कॅथलिकांना धर्मगुरू उरला नव्हता आणि उघडपणे भक्ती करणे धोक्याचे होते. तेथे ते 1687 साली मजुराच्या वेषात पोहोचले. आपल्या माणसांना शोधण्यासाठी ते गळ्यात जपमाळ घालून दारोदार भिक्षा मागत फिरले, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. जपमाळ ओळखणारा कोण, हे पाहूनच त्यांना पुढचे दार कळत होते. पुढे कँडीत देवीची साथ आली तेव्हा त्यांनी रोग्यांची सेवा केली. श्रद्धेची खूण लपवू नये, पण ती मिरवूही नये, हा तोल मला त्यांच्यात दिसतो. (रोज पहाटे पन्नास जणांना मोबाइलवर वचने पाठवणे ही खूण नव्हे, ती बहुतेक लोक न वाचताच पुढे सरकवतात.)

ओळख झाली की चार-पाच जणांची लहानशी बैठक ठरवावी. वार आणि वेळ बदलू नये, आणि तासाभरात उठावे. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या 2:42 मध्ये पहिल्या मंडळीच्या चार गोष्टी नोंदल्या आहेत: प्रेषितांचे शिक्षण, सहवास, भाकर मोडणे आणि प्रार्थना. एक उतारा आधी कोकणीत आणि मग मराठीत वाचावा. यात संकोच वाटण्याचे कारण नाही, कारण फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानेही (येशूसंघाच्या धर्मगुरूनेही) ख्रिस्तकथा सांगण्यासाठी मराठी ओवीच निवडली आणि त्यांचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली गोव्यातल्या रायतूर येथे छापले गेले. वाचनानंतर थोडा वेळ शांत बसावे, मग प्रत्येकाने एकच विनंती मांडावी आणि ती वहीत तारखेसह लिहावी. पुढच्या आठवड्यात “तुमच्या मुलाच्या परीक्षेचे काय झाले?” असे नेमके विचारले गेले की माणूस आपणहून परत येतो, मोठ्या प्रवचनाने हे साधत नाही. बैठकीत ऐकलेले बाहेर नेऊ नये, कारण एकच चुगली झाली तर वर्षभराचा विश्वास जातो.

हे सगळे करताना स्वतःची एकांतातली प्रार्थना सुटली, तर बैठकीच्या गप्पा कधी होतात ते कळतही नाही. ज्या आठवड्यात प्रार्थना झाली नसेल, त्या आठवड्यात तसे सरळ सांगावे. मी ते पहिल्यांदा कबूल केले तेव्हा आणखी दोघांनी तेच सांगितले आणि त्या दिवशी कुणालाही घाईने उठावेसे वाटले नाही.

कुणी लागोपाठ दोन बैठकांना आले नाही, तर फोनवर कारण विचारण्याऐवजी त्याच्या घरी जावे, पण न येण्याचा विषय आपण काढू नये. जाताना वही बरोबर असावी, कारण त्याची राहिलेली विनंती तिच्यात असते.