डिसेंबरात हिमालयात जाताय? बर्फाचा खालचा थर आधी बघा

थंडी सुरू झाली की नाशिकमधले बरेच ग्रुप केदारकंठा, ब्रह्मताल नाहीतर मनालीकडं निघतात आणि हल्ली काहीजण मळलेली वाट सोडून स्वतःच्या स्वतः वर चढायला लागलेत. हरिहर, साल्हेर, कळसूबाई करून पायात दम आलेला असतो, पण बर्फाचा उतार कसा ओळखायचा हे सह्याद्रीत शिकायला मिळत नाही. "अजून फूटभरच पडलाय, ॲव्हलांच (हिमस्खलन) कुठून येणार" हे तर कायम ऐकू येतं आणि तेच चुकीचं आहे.

बर्फाखाली जमिनीलगत तापमान शून्याच्या आसपास असतं, वर निरभ्र रात्री उणे दहा-पंधरा. थर पातळ असला की एवढा फरक थोडक्याच जाडीत बसतो, मग खालून वाफ वर सरकत राहते आणि तळाचे कण मोठे, कोरडे, सुटे होतात. मुठीत घेऊन बघा, जाड्या साखरेसारखे निसटतात, गोळा वळतच नाही. हाच डेप्थ होर. ऑक्टोबर-नोव्हेंबरचा बर्फ उत्तरेकडच्या सावलीतल्या उतारांवर टिकतो, त्यामुळं हा थरही तिथंच जास्त सापडतो, आणि पुढं वेस्टर्न डिस्टर्बन्स, म्हणजे पश्चिमेकडून येणारी हिवाळी वादळी हवा, येऊन त्यावर दोन फूट पडला की वरची अख्खी लादी या सुट्या कणांवर नुसती टेकलेली असते.

दुसरा थर सरफेस होर. निफाडला थंडीची लाट आली की द्राक्षाच्या पानांवर पांढरं हिम धरतं ना, तसाच प्रकार बर्फावर होतो, हवेतली वाफ थेट पृष्ठभागावर गोठते. दिसायला सुंदर, पण त्यावर नवीन बर्फ पडून तो गाडला गेला की घात.

निघायच्या आधी चंदीगडच्या डीजीआरईचा (डीआरडीओची संशोधन संस्था) ॲव्हलांच इशारा आणि मागच्या आठवड्याचं हवामान बघायचं. जागेवर पोचल्यावर उताराचा कोन मोजा, फोनमधलं ॲप चालतं. ३० ते ४५ अंश म्हणजे धोक्याचा पट्टा, आणि आपण सपाटीवर असलो तरी डोक्यावर असा उतार आहे का तेही बघायचं.

काठी हळू दाबत न्या. वर कडक लागून खाली एकदम पोकळ गेली तर थांबा. मग तशाच दिशेच्या पण लहान, सुरक्षित उतारावर जमिनीपर्यंत खड्डा खणा, ३० बाय ३० सेंटीमीटरचा खांब मोकळा करा, वर फावड्याचं पातं ठेवून मनगटातून १०, कोपरातून १०, खांद्यातून १० थापा. सुरुवातीच्याच थापांत खटकन सरळ तुटला तर तो उतार सोडायचा. नाही तुटला म्हणून मात्र हिरवा कंदील समजू नका, दहा पावलांवर चित्र वेगळं असू शकतं.

पायाखाली 'धप्प' आवाज, पावलापासून पळत जाणारी भेग, शेजारच्या उतारावर ताजी घसरण, यातलं एक जरी दिसलं तर खड्डाबिड्डा काही नको, सरळ माघारी.

४ ऑक्टोबर २०२२ ला उत्तराखंडमधल्या द्रौपदी का डांडा शिखरावर ॲव्हलांचमध्ये २५हून जास्त जणांचा जीव गेला, आणि ती शिकाऊ गिर्यारोहक नि प्रशिक्षकांची टीम होती. ऑक्टोबरच होता तो.

बीकन (गाडलेल्याचा ठावठिकाणा देणारं सिग्नल यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं प्रत्येकाकडं हवंच, आणि उतार एकेकानं पार करायचा, बाकीच्यांनी नजर ठेवायची. गाडलेल्या माणसासाठी पहिली १५ मिनिटं महत्त्वाची, बाहेरची मदत तेवढ्यात येत नाही. म्हणून जायच्या आधी नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर सराव करा, एकानं बीकन पिशवीत घालून लपवायचं, दुसऱ्यानं घड्याळ लावून शोधायचं, ग्रुपमधल्या प्रत्येकाला जमेपर्यंत.