नाशिकहून लहान मुलांना घेऊन शिडाच्या बोटीची ट्रिप: प्लॅन कसा करायचा

आपल्या नाशिकच्या पोरांना पाणी म्हणजे गंगा, म्हणजे आपली गोदावरी, आणि गंगापूर धरण, समुद्र वर्षातून एखाद वेळा दिसला तर दिसला. त्यामुळे मुलांना शिडाच्या बोटीत बसवायचं म्हटलं की घरात लगेच दोन पार्ट्या पडतात, एक म्हणते एवढ्याशा पोरांना कशाला समुद्रात, आणि दुसरी चार दिवसात तीन किल्ले, डॉल्फिन, स्कुबा असं सगळं कागदावर लिहून मोकळी होते. मी म्हणते जायचं, नक्की जायचं, चार-पाच वर्षांच्या मुलांनाही छान जमतं, फक्त ट्रिपचं टाइमटेबल किल्ल्यांची यादी बघून न करता वारा आणि भरती-ओहोटी बघून करायचं. ते एकदा बसलं की हॉटेल, गाडी, जेवण सगळं त्याच्या मागून येतं.

आधी सीझन. जून ते ऑगस्ट विषयच नाही, बोटी बंदच असतात. नारळी पौर्णिमा झाली की कोळी लोक समुद्रात उतरतात पण ते त्यांचं काम आहे, आपण लहान मुलं घेऊन जाणार तर कोजागिरी होऊ द्यावी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात बेस्ट. मे महिन्याच्या सुट्टीत सगळे जातात खरे, पण तेव्हा दुपारचा वारा जोराचा असतो आणि ऊन असं की मुलं दहा वाजताच कोमेजतात, म्हणून शिडाच्या बोटीसाठी मी तरी मे सुचवणार नाही. दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल तर आधीचा आठवडाभर हवामान खात्याचे मच्छीमारांसाठीचे इशारे बघत राहा, कारण पाऊस संपला तरी अरबी समुद्रात चक्रीवादळं येतात, २००९ मध्ये फयान आलं ते नोव्हेंबरातच. इन्कॉइस म्हणून हैदराबादची सरकारी संस्था आहे, ती लाटांचा अंदाज आणि इशारे देते, तेही बघायचे.

आता वारा. शाळेत भूगोलात मतलई वारे आणि खारे वारे पाठ केले होते ना, ते इथे खरोखर कामाला येतं. रात्री जमीन लवकर गार होते म्हणून पहाटे आणि सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तो मतलई, आणि किनाऱ्याजवळ पाणी तेव्हा बऱ्यापैकी सपाट असतं. ऊन चढलं की जमीन तापते, वारा उलटा फिरतो, आणि दुपारी खारा वारा जोर धरतो, मग छोट्या छोट्या आखूड लाटा उठतात आणि बोट थडथड आपटायला लागते. मोठ्यांना त्यात मजा येते, लहान मुलांना उलट्या होतात. म्हणून नियम एकच, सकाळी आठपर्यंत बोटीत आणि अकरापर्यंत परत धक्क्यावर. पहिली फेरी एक-दीड तासाचीच ठेवा, मुलं "अजून, अजून" म्हणत उतरली पाहिजेत.

आणि याच मतलई वाऱ्याची दुसरी बाजू पण सांगते कारण ती फार कोणी सांगत नाही. सकाळी किनाऱ्यावर पाणी शांत दिसतं म्हणून आईबाप मुलाला हवेच्या ट्यूबवर बसवून पाण्यात सोडतात, आणि वारा मात्र समुद्राकडे ढकलत असतो. ट्यूब हलकी, तिला वारा लगेच धरतो, आणि बघता बघता ती पोहत गाठता येणार नाही इतकी लांब जाते. समुद्रावर ट्यूब, हवेची बोट, फुगवलेलं बदक यातलं काहीही नेऊ नका, ते सगळं स्विमिंग पूलला ठीक.

भरती-ओहोटीचा हिशोब तर आपल्या घरच्या कॅलेंडरवर होतो. तिथीला पाऊणने गुणायचं, जे येईल त्या सुमाराला पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, दुपारी साधारण तीनला आणि पहाटे तीनच्या आसपास भरती, आणि मधे सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. एकादशीला सव्वाआठ. रोज ही वेळ पाऊण तासाने पुढे सरकते. मुंबई-अलिबाग पट्ट्यात हा अंदाज चांगला बसतो, तरी निघायच्या आधी भरतीचं छापील किंवा ऑनलाइन कोष्टक बघायचंच, हिशोब फक्त तारखा निवडायला. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप चढतं, खूप उतरतं आणि खाडीच्या तोंडाशी प्रवाहाला ओढ असते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा चढउतार कमी. मी मुलांच्या ट्रिपसाठी दशमी-एकादशी धरून तारखा काढते, शुद्ध असो की वद्य, कारण सकाळी साडेसात ते सव्वाआठच्या दरम्यान पाणी भरलेलं असतं म्हणजे धक्क्यावरून बोटीत चढताना उंच-खोल उतरावं लागत नाही आणि उधाणही अजून लांब असतं. ओहोटीत काही जेट्ट्यांवर शेवाळलेल्या पायऱ्या उघड्या पडतात, कडेवर मूल घेऊन त्या उतरणं हे अख्ख्या ट्रिपमधलं सगळ्यात धोक्याचं काम असतं, भर समुद्रापेक्षाही.

जागा कुठली निवडायची? नाशिकहून पहिल्यांदा जाणाऱ्यांनी मांडवा-अलिबागच करा. इगतपुरीला समृद्धी महामार्गावर चढलं की कसारा घाट टळतो आणि जवळपास ८ किलोमीटरचा बोगदा लागतो, मुलं त्यातच खूश. पुढे मुंबईत भाऊच्या धक्क्यावर जाऊन गाडीसकट रो-रोमध्ये, म्हणजे गाड्या वाहून नेणाऱ्या फेरी जहाजात शिरायचं, साधारण तासाभरात मांडवा. हा रो-रोचा तास मला फार महत्त्वाचा वाटतो कारण ती तुमची रंगीत तालीम आहे. जहाज मोठं, टॉयलेट आहे, आत बसायला जागा आहे, आणि मुलाला समुद्र सोसतो का, तो घाबरतो का, कंटाळतो का हे सगळं तिथेच कळतं. तिथे उलट्या झाल्या तर दुसऱ्या दिवशी लगेच छोट्या बोटीत घालायचा हट्ट नको.

अलिबागला पोचल्यावर एक सकाळ कुलाबा किल्ल्याला द्या. ओहोटीत किल्ल्यापर्यंत चालत जाता येतं आणि भरतीत तोच रस्ता पाण्याखाली जातो, मुलांना भरती-ओहोटी समजावून सांगायला याच्यासारखं दुसरं ठिकाण नाही. फक्त परतायची वेळ स्थानिक माणसाला विचारूनच आत जा. आणि दशमी-एकादशीला ओहोटी येते दुपारी दीड-दोनच्या पुढे, तेव्हा ऊन तळपत असतं, म्हणून कुलाबा सकाळी हवा असेल तर तो ट्रिपच्या आदल्या दिवसांत, षष्ठी-सप्तमीच्या सुमाराला बसवावा लागतो, त्या दिवसांत ओहोटी साधारण पावणेअकरा-साडेअकराला असते, फक्त भांगाच्या जवळ पाणी कमी उतरतं, म्हणून चालत जाता येईल का तेही आधी विचारा. तेवढी सुट्टी नसेल तर सरळ सोडून द्या, पुढच्या वेळी होईल.

शिडाच्या बोटीचे दोन प्रकार मिळतात. एक म्हणजे यॉट, मुंबईत गेटवेच्या बाजूला कप्तानासकट तासाच्या हिशोबाने भाड्याने मिळते. दुसरा प्रकार मुरुडजवळ राजपुरीला, तिथे जंजिऱ्याला नेणाऱ्या होड्या अजून शिडावर चालतात. मला हा दुसरा प्रकार जास्त आवडतो. दोघं-तिघं खलाशी दोर ओढून शीड वर चढवतात, ते आधी नुसतं फडफडत असतं, इतका आवाज की लहान मुलं आईला चिकटतात, आणि मग नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, वळते, शीड वाऱ्याने भरतं आणि तो आवाज एकदम थांबतो, होडी जराशी कलते आणि गपकन पुढे निघते. हे होणार आहे, बोट कलणार आहे आणि कलली म्हणजे बुडत नाही, एवढं मुलांना आदल्या रात्रीच सांगून ठेवायचं. जंजिऱ्याला मात्र सुट्टीच्या दिवशी गर्दी फार, लहान मुलं असतील तर मधल्या वारी आणि पहिल्या फेरीत जा, गर्दी बघून वाटलं तर किल्ल्यात न उतरता नुसती फेरी करता येते का विचारा.

मालवण सुंदरच आहे, सिंधुदुर्ग आहे, तारकर्ली आहे, पण रस्त्याने ५०० किलोमीटरच्या वर जातं, तीन-चार दिवसांसाठी लहान मुलांना एवढं गाडीत कोंबू नये. आठवडा असेल तरच. रत्नागिरीकडे जायचं तर मंगला एक्सप्रेस नाशिक रोडवरून थेट कोकण रेल्वेवर जाते, मुलांना ते गाडीपेक्षा सोपं.

आता लाइफ जॅकेट, इथे अजिबात तडजोड नको. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेली प्रवासी बोट नौदलाच्या स्पीड बोटीची धडक बसून बुडाली, वादळ नाही, पाऊस नाही, भर दिवसा. त्यामुळे "शांत आहे समुद्र, कशाला जॅकेट" हे वाक्य कोणीही बोललं, अगदी आजोबा बोलले तरी, प्रेमाने त्यांनाही घालायला लावायचं. बऱ्याच बोटींवर जॅकेट असतात पण मोठ्यांच्या मापाची, मुलांसाठी स्वतःचं विकत घेऊन जा. वयावर न जाता लेबलवर लिहिलेल्या वजनावर जायचं, मानेमागे कॉलर पाहिजे, पायांमधून जाणारा पट्टा पाहिजे, शिट्टी पाहिजे. सगळे पट्टे आवळून झाले की दोन्ही खांदे धरून मुलाला जॅकेटनेच हलकं वर उचलायचं, जॅकेट सरकून कानापर्यंत आलं तर ते मोठं आहे, दुकानात परत द्या. "पुढच्या वर्षी पण होईल" म्हणून एक साइज मोठा घ्यायची आपली सवय कपड्यांपुरती ठेवा. हातात घालायचे फुगे आणि स्विमिंगचे फोमचे पट्टे म्हणजे लाइफ जॅकेट नव्हे.

ते घातल्यावर मूल पहिल्यांदा रडतं, हे धक्क्यावर होण्यापेक्षा घरी होऊ दे. महिनाभर आधी आणा, घरात घालून कार्टून बघू दे, मग सावरकर जलतरण तलाव असो नाहीतर सोसायटीचा पूल, तिथल्या कोचला विचारून जॅकेटसकट पाण्यात उतरवा आणि ते पाठीवर तरंगतं का, तोंड पाण्याबाहेर राहतं का बघा. नंतर एखाद्या रविवारी गंगापूर धरणाच्या बोट क्लबला नेऊन बोटीत चढणं-उतरणं, बसून राहणं याची सवय करा.

बोट लागण्याचं म्हणाल तर दोन वर्षांखालच्या बाळांना सहसा कमी त्रास होतो, त्यानंतर दहा-बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना जास्त. वणीच्या गडावर जाताना ज्याला उलटी होते त्याला समुद्रावर होणार असंच धरून चाला. गोळी-औषध मुलांच्या डॉक्टरांनाच विचारून, वजनाप्रमाणे, आणि बोटीत बसायच्या आधी द्यायचं, उलटी सुरू झाल्यावर पोटात टिकत नाही. काही औषधांनी झोप येते म्हणून घरी एकदा देऊन बघायचं का तेही विचारा. सकाळी उपाशी नको आणि मिसळही नको, थोडा उपमा किंवा पोळी-गूळ पुरे. बोटीवर खारी, मुरमुरे, आल्याची वडी. आपण नाशिककर जानेवारी-फेब्रुवारीत हमखास द्राक्षं घेऊन निघतो, पण पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खं द्राक्ष हलत्या बोटीत देऊ नका, घशात अडकतं, घरीच उभं चिरून डब्यात भरा. मोबाइल बंद, नजर लांब किनाऱ्यावर किंवा क्षितिजावर, आणि मधल्या भागात बसवायचं कारण तिथे बोट सगळ्यात कमी हलते.

बोट ठरवताना तांडेलाला, म्हणजे होडीच्या कप्तानाला, चार गोष्टी विचारा: किती माणसांचं लायसन्स आहे, इंजिन आहे का, वॉकीटॉकी किंवा वायरलेस आहे का, आणि वारा वाढला तर आज किती वाजता परत वळणार. शेवटच्या प्रश्नाला जो नीट विचार करून वेळ सांगतो त्याची बोट घ्या. आणि तो म्हणाला आज नको, तर नको, घासाघीस करायची नाही. यासाठीच एक दिवस रिकामा ठेवायचा, चार दिवसांच्या ट्रिपमध्ये बोटीचा एक दिवस आणि त्याला पर्यायी एक दिवस.

बोटीवर एका मुलामागे एक मोठं माणूस, नाव घेऊन ठरवलेलं. "सगळे लक्ष ठेवतील" म्हणजे कोणीच ठेवत नाही. फोटो काढणारा त्या वेळी लक्ष ठेवणाऱ्यात धरायचा नाही. मुलांना तीन नियम: उभं राहिलं की एक हात बोटीला, दोराच्या वेटोळ्यात पाय नाही, आणि यॉटवर असाल तर शिडाखालचा आडवा दांडा फिरतो तेव्हा डोकं खाली. एवढ्यावर त्यांना काहीतरी काम द्या, नुसतं बसवलं की वीस मिनिटांत किरकिर चालू. आमच्याकडे बोया, म्हणजे वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणा, शोधायचं काम असतं, बंदरात शिरताना लाल बोया डाव्या हाताला आणि हिरवा उजव्या हाताला राहिला पाहिजे, मुलं डोळ्यात तेल घालून बघतात आणि कप्तानाला ओरडून सांगतात. कप्तानाने सुकाणूचा दांडा दोन मिनिटं हातात दिला तर पोरं ते वर्षभर सांगत फिरतात.

पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, हनुवटीखाली बांधायची टोपी, सनस्क्रीन निघायच्या अर्धा तास आधी, कारण ऊन पाण्यावरून खालूनही लागतं. कपड्यांचा एक कोरडा जोड, टॉवेल आणि पिशव्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून. शू धक्क्यावरच उरकायची, छोट्या होडीत सोय नसते. फोनमध्ये १५५४ सेव्ह करा, हा कोस्ट गार्डचा समुद्रातल्या मदतीचा टोल फ्री नंबर, किनाऱ्यावर असाल तर ११२. धक्क्यावर थांबणाऱ्या आजी-आजोबांना बोटीचं नाव, तांडेलाचा नंबर आणि परतायची वेळ लिहून द्या, त्या वेळेनंतर अर्ध्या तासात फोन लागला नाही तर त्यांनी कोणाला फोन करायचा तेही त्याच कागदावर.

परतीचं रो-रोचं तिकीट जातानाच काढा आणि रविवार संध्याकाळ टाळा, सकाळच्या फेरीने निघालात तर मुलं दुपारची झोप गाडीत काढतात आणि उजेडात नाशिक गाठता येतं. घरी आल्यावर जॅकेट गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा, मिठाने बकल अडकायला लागतात.