वाचनालय हलवण्याची नोटीस लागली तर

वाचनालय हलवणार अशी कुणकुण लागली की मंडळी आधी फलक रंगवायला घेतात. माझं सांगणं असतं, आधी कागद मागा. मी वाचनालयाच्या देवघेव विभागात नोकरी केली. निवृत्तीनंतर आमचीच शाखा हलवायचं निघालं, तेव्हा रहिवाशांबरोबर उभी राहिले. त्या अनुभवावरून हे लिहिते आहे.

पहिला प्रश्न एकच: ठराव झालाय, की अजून प्रस्तावच आहे? प्रस्ताव असेल तर निर्णय घेणाऱ्या सभेतल्या चार सदस्यांचं मन वळवून काम होऊ शकतं. ठराव झाला की तो फिरवायला सभा, वरिष्ठ, नाहीतर कोर्ट. म्हणून लेखी अर्ज करून चार गोष्टी मागा: मूळ प्रस्ताव, खर्चाचा अंदाज, नव्या जागेचा मापांसह आराखडा, आणि हा विषय ज्या सभेत निघाला तिचं इतिवृत्त. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेसह पोच घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका. पुढच्या सभेची विषयपत्रिका कुठे आणि कधी लागते तेही विचारून ठेवा, आणि ती रोज पाहायचं काम एकाच माणसावर सोपवा. सगळ्यांचं काम म्हटलं की कोणीच पाहत नाही.

आता खरं काम. वाचनालयात कोण येतं, हे कागदावर आणा. निर्णय घेणाऱ्यांपुढे वार्षिक देवघेवीचा एक आकडा असतो, आणि त्या आकड्यात माणूस दिसत नाही. सकाळी दार उघडायच्या आधीपासून पायरीवर बसलेले आजोबा पुस्तक घरी नेतच नाहीत. ते वर्तमानपत्रं वाचतात, थोडं बोलतात आणि जातात. घरी एकाच खोलीत सहा माणसं असल्यामुळे परीक्षेचा अभ्यास इथे करणारा मुलगा स्वतःची पुस्तकं घेऊन येतो, म्हणजे आमच्या नोंदवहीत तोही नाही. सरकारी अर्ज भरायला संगणक लागतो म्हणून येणारी बाई, दोन कामांमधला तास पंख्याखाली काढणारी बाई, यांचीही नोंद कुठे नसते. यांची मोजणी तुम्हीच करायची आहे.

दाराशी दोघांनी पाळीपाळीने बसा. पूर्ण आठवडा, उघडण्यापासून बंद होईपर्यंत. परीक्षेच्या आधीचा किंवा लांब सुट्टीचा आठवडा निवडू नका, आकड्यावर शंका घ्यायला जागा राहते. येणाऱ्याला तीनच प्रश्न विचारा: कसे आलात, किती वेळ लागला, आणि नव्या जागी आपले आपण येऊ शकाल का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहा. लहान मुलांच्या बाबतीत ते एकटे आले की कोणी सोडलं, हे जरूर नोंदवा. आज नऊ वर्षांची मुलगी एकटी चालत येत असेल आणि उद्या मध्ये मोठा रस्ता येणार असेल, तर तिच्यासाठी वाचनालय हलत नाही, बंदच होतं. घरच्यांना तिला सोडायला वेळ असता तर ती आजही एकटी आली नसती.

मग जुन्या दारापासून नव्या दारापर्यंत चाला. नकाशावरची सरळ रेघ धरू नका. सोबत काठी घेऊन चालणारी एक व्यक्ती घ्या, आणि जमलं तर चाकाची खुर्ची वापरणारी. पदपथ कुठे तुटतो, रस्ता ओलांडायला किती थांबावं लागतं, टेकायला बाक आहे का, संध्याकाळी दिवे लागतात का, नव्या इमारतीत उतार आहे की पायऱ्या, स्वच्छतागृह कोणत्या मजल्यावर, हे सगळं फोटोसह टिपा. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धान्त मांडले, त्यातला चौथा आहे वाचकाचा वेळ वाचवा. निवेदनात तो लिहा आणि खाली तुमची मोजलेली मिनिटं लिहा.

ही नोंद कोर्टातही उपयोगी पडू शकते. इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरशर आणि सॉमरसेट इथल्या स्थानिक कारभार पाहणाऱ्या परिषदांनी ग्रंथालयसेवा कापायचं ठरवलं, तेव्हा नोव्हेंबर २०११ मध्ये उच्च न्यायालयाने ते निर्णय बेकायदा ठरवले. वृद्ध, अपंग, स्त्रिया अशा गटांवर काय परिणाम होईल याचा कायद्याने सांगितलेला विचार नीट झालेला नव्हता. कायदा देशागणिक वेगळा, पण ‘या माणसांचा विचार केलात का, केला असेल तर कागद दाखवा’ हा प्रश्न कुठेही विचारता येतो.

हलवण्यामागचं कारण मात्र प्रामाणिकपणे तपासा. इमारत धोकादायक आहे असं म्हणत असतील तर तपासणीचा अहवाल मागा आणि जाणत्या अभियंत्याकडून वाचून घ्या. ती खरंच धोकादायक असेल तर बाहेर पडायला विरोध करू नका. त्याच जागी परत येण्याची लेखी हमी मागा. माणसांच्या डोक्यावरचं छत पणाला लावून कोणतीही चळवळ करू नये, याबद्दल माझं मत पक्कं आहे.

कधी कारण असं पुढे येतं की विरोध करणाराच वाईट दिसावा. चेन्नईचं अण्णा शताब्दी ग्रंथालय २०१० मध्ये सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी, नोव्हेंबरमध्ये, ते दुसरीकडे हलवून त्या इमारतीत मुलांचं रुग्णालय करण्याचं सरकारने जाहीर केलं. मुलांच्या रुग्णालयाला नाही कोण म्हणेल? पण वाचक न्यायालयात गेले, काही दिवसांतच मद्रास उच्च न्यायालयाने स्थगिती दिली आणि ग्रंथालय आजही कोट्टूरपुरमला तिथेच आहे. तुमच्याकडेही असं झालं तर त्या दुसऱ्या गोष्टीविरुद्ध चकार शब्द काढू नका. ती हवीच आहे म्हणा, आणि तिच्यासाठी दुसरी जागा स्वतः शोधून मापांसह समोर ठेवा.

पर्याय सुचवणं नेहमीच फायद्याचं. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने बेचाळिसाव्या रस्त्यावरच्या मुख्य इमारतीतला ग्रंथसाठा बाहेर नेण्याची योजना आखली होती. अभ्यासकांनी विरोध केला, खटले भरले, आणि २०१४ मध्ये योजना मागे घेतली गेली. शेवटी शेजारच्या ब्रायंट पार्कखालचं तळघर वाढवून तिथे पुस्तकांची सोय झाली.

सह्यांबद्दल थोडक्यात: नाव, पत्ता, सही, आणि सभासद असल्यास क्रमांक. सभासद नसलेल्यांच्या सह्या वेगळ्या कागदावर. मुलांना पत्रं लिहू द्या, पण मजकूर सांगू नका. एकाच वाक्याची चाळीस पत्रं कोणी वाचत नाही. लोकांच्या डोळ्यांत भरेल असं काही करायचं असेल तर वाचनालय वापरूनच करा. स्टोनी स्ट्रॅटफर्ड या इंग्लिश गावी वाचनालय बंद पडायची भीती होती. जानेवारी २०११ मध्ये वाचकांनी आपापल्या कार्डावर मिळतील तितकी पुस्तकं नेली आणि सुमारे १६,००० पुस्तकांची कपाटं रिकामी केली. ते रिकामं कपाटच सगळं बोललं.

एक विनंती अगदी मनापासून. तिथल्या कर्मचाऱ्यांना पुढे ओढू नका. नोकरीत असताना आम्हाला बोलता येत नाही. खिडकीशी येऊन ‘तुमचं मत काय’ म्हणून मोबाईल समोर धरला की हाताला कापरं भरतं. त्यांच्याकडून कळलेल्या गोष्टी त्यांच्या नावाने कुठेही लिहू नका. तीच माहिती रीतसर अर्ज करून मिळवा.

सभेआधी प्रत्येक सदस्याला एकेकटं भेटा. सभेत बोलायला तिघंच पुरेत: मोजणी सांगणारी एक व्यक्ती, वाट चालून आलेली एक, आणि पर्याय मांडणारी एक. पुस्तकांच्या थोरवीवर भाषण नको. पुस्तकं चांगली असतात हे समोरच्यांनाही मान्यच असतं, त्यावर वेळ घालवला की नऊ वर्षांची मुलगी आणि तो मोठा रस्ता राहून जातो.

आणि तरीही हलवायचंच ठरलं, तर घरी जाऊ नका. त्याच सभेत अटी ठरावात घालून घ्या. नवी जागा चालू होईपर्यंत जुनी बंद करायची नाही, ही पहिली. न्यूयॉर्कचंच डॉनेल ग्रंथालय २००८ मध्ये बंद झालं. २०११ ला उघडेल असं सांगितलं होतं, उघडलं २०१६ ला, आणि जागा पूर्वीच्या एक तृतीयांशाहूनही कमी. म्हणून वाचनकक्ष, बालविभाग आणि बसायच्या खुर्च्या यांची मापं आणि संख्या ठरावातच आली पाहिजेत, उघडण्याच्या वेळाही. जुन्या वस्तीसाठी आठवड्यातून काही दिवस फिरतं वाचनालय मागा.

शेवटची अट मी कधीच सोडू देत नाही. सामान बांधायच्या आधी दाखल नोंदवहीशी, म्हणजे आलेलं प्रत्येक पुस्तक जिच्यात नोंदतात तिच्याशी, ताडून पुस्तकांची पूर्ण मोजणी व्हावी आणि तिची प्रत रहिवाशांना मिळावी. हलवाहलवीच्या घाईत निर्लेखनाचा, म्हणजे पुस्तक संग्रहातून कायमचं काढून टाकण्याचा, शिक्का फार पटकन उठतो, आणि त्याखाली पहिली जातात ती बांधीव मासिकांचे जुने खंड, जे दुसरीकडे मिळत नाहीत. निर्लेखनाची प्रत्येक यादी आधी महिनाभर फलकावर लागली पाहिजे, असं ठरावात शब्दशः लिहून घ्या.