जुनं घर दुरुस्त करताय? आधी पाणी कुठून येतंय ते शोधा आणि या चुका टाळा

नागपूरच्या महाल, इतवारी, धंतोलीत अजूनही चुन्यात बांधलेली, दीड-दोन फूट जाड भिंतींची घरं उभी आहेत. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की अशा घराच्या मधल्या खोलीची किंमत कळते. ही घरं सांभाळायला पैसा लागतो आणि चिकाटीही लागते. पण मी पाहिलेल्या बहुतेक घरांचं खरं नुकसान घाईच्या दुरुस्तीनंच केलं आहे. आणि दहापैकी आठ दुखण्यांच्या मुळाशी पाणीच निघतं.

चुन्याच्या भिंतीवर सिमेंट

सगळ्यांत महागात पडणारी चूक ही. भिंतीला ओल दिसली की मिस्त्री म्हणतो, "खरडून काढतो, सिमेंट मारून देतो, दहा वर्षं बघायचं काम नाही." पहिलं वर्ष भिंत झकास दिसते. दुसऱ्या पावसाळ्यात तीच ओल हातभर वर चढलेली असते.

कारण साधं आहे. जुन्या भिंतींच्या पायाशी ओल अडवणारा थर बहुधा नसतोच. जमिनीतलं पाणी विटांमधून वर चढतं आणि चुन्याच्या प्लास्टरमधून हळूहळू उडून जातं. सिमेंट ही वाट बंद करतं. मग पाणी आणखी वर वाट शोधतं, त्यासोबत आलेले क्षार प्लास्टरमागे साचतात, लोणा लागतो, पोपडे सुटतात. अशा भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक करून बघा, पोकळ आवाज येईल. पोपडा काढून मागची वीट नखानं खरडली तर लाल भुगा हातात येतो. वॉटरप्रूफ पुट्टी, ऑइल पेंट किंवा कमरेपर्यंत टाइल्स लावूनही हेच होतं. फक्त दिसायला उशीर लागतो.

उपाय करायचा तर आधी भिंतीत पाणी कुठून येतंय ते बघा. छपराची पन्हळ भिंतीच्या पायाशीच रिकामी होते का? मोरीचा पाइप आत कुठे फुटला आहे का? अंगण भरणी घालून घालून जोत्याच्या वर आलंय का? नागपुरात आणखी एक ठरलेला गुन्हेगार असतो, तो म्हणजे खिडकीतला कूलर. त्याची टाकी ठिपकत राहते आणि खिडकीखालची भिंत ऐन उन्हाळ्यात भिजत राहते.

एवढं झालं की ओल चढलेल्या रेषेच्या फूट-दीड फूट वरपर्यंत सिमेंट उतरवा, सांधे मोकळे करा आणि भिंत वाळू द्या. इथे बहुतेकांचा धीर सुटतो. जाड भिंत महिन्याला साधारण एक इंच वाळते असा ठोकताळा आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, तेव्हा कित्येकांनी दिवाळीच्या आत रंग देऊन टाकला. ओल्या भिंतीवरचा रंग टिकत नाही.

भिंत वाळली की एक भाग चुना आणि तीन भाग वाळू, असं पातळ थरांत प्लास्टर करा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो आणि त्यासाठी त्याला ओलावा लागतो. एप्रिल-मेच्या गरम वाऱ्यात तो धरायच्या आधीच सुकतो आणि हात लावला की झडतो. म्हणून हे काम दसऱ्यानंतर सुरू करा, फेब्रुवारीपर्यंत आटपा आणि ओली पोती लटकवून ठेवा. चुन्याचा जाणता कारागीर मिळायला वेळ लागतो, पण शोधा. सिमेंटवाल्याकडून चुन्याचं काम करून घेऊ नका.

भेग दिसली की बुजवली

शहराच्या बऱ्याच भागात काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि तिच्यासोबत घरही हलतं. भेगेत सिमेंट कोंबलं तर पुढच्या वर्षी शेजारी नवी भेग पडते. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलनं खूण करून तारीख लिहा. मे आणि ऑगस्टमध्ये पुन्हा बघा. उन्हाळ्यात रुंदावते आणि पावसाळ्यात मिटते, तर मातीचा खेळ आहे. घराभोवती तीन फूट रुंद, बाहेरच्या बाजूला उतार असलेली फरशी घाला, म्हणजे पायाजवळचा ओलावा फार कमी-जास्त होणार नाही. भेग एकाच दिशेनं वाढत असेल, भिंत फुगलेली दिसत असेल किंवा दरवाजे अचानक अडकू लागले असतील, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरलाच बोलवा. त्याची फी वाचवू नका.

कवेलू काढून स्लॅब

दरवर्षी कवेलू (छपराची कौलं) फेरायचा कंटाळा येतो, हे खरं. माकडं नाचून जातात आणि फेरणारी माणसंही आता कमी झाली आहेत. पण म्हणून जुन्या भिंतींवर स्लॅब टाकू नका. पाच इंची स्लॅबचं वजन चौरस मीटरला तीनशे किलोच्या वर जातं. दहा बाय बाराच्या एका खोलीवर ते साडेतीन टनांच्या आसपास होतं. चुन्यातल्या भिंती आणि त्यांचा पाया तेवढ्यासाठी बांधलेला नसतो. नुसता टिनाचा पत्रा टाकला तर वजन वाचतं, पण खोली भट्टीसारखी तापते. त्यापेक्षा फाटे आणि रिपा (कवेलूखालचे वासे आणि पट्ट्या) तपासून बदला, कवेलूखाली फळ्या आणि पाणी न झिरपणारा थर घ्या. मग एखादं कवेलू फुटलं तरी घर गळत नाही. हे काम मे संपायच्या आत व्हायला हवं.

लाकूड वरून बघणं

सागवानी मयाल (तुळई) वरून धडधाकट दिसते. सडते ती भिंतीत शिरलेल्या टोकाशी, कारण तिथे ओल असते आणि हवा नसते. स्क्रू ड्रायव्हर टोचून बघा. आत सहज शिरला तर टोक गेलं. उधईच्या (वाळवीच्या) मातीच्या नळ्या दिसल्या तर आधी जमिनीत औषध सोडून घ्या, नुसतं लाकडाला फासून भागत नाही. टोक सडलं म्हणून अख्खी मयाल काढायची गरज नसते. सडका भाग कापून नवं सागवान जोडता येतं किंवा खाली लोखंडी आधार देता येतो. जुनं सागवान भंगारवाल्याला देण्याआधी दहा वेळा विचार करा, तसं लाकूड आज सहजासहजी मिळत नाही.

वायरिंग तेच, एसी नवा

लाकडी पट्टीवरच्या जुन्या वायरीवर एसी चालवू नका. एसीला वेगळी लाइन, वेगळा एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा स्विच) आणि जाड वायर लागते. महावितरणकडून मंजूर भारही वाढवून घ्या. अर्थिंग नव्यानं करा आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की लगेच वीज तोडणारा स्विच) बसवा. लोखंडी कूलर, ओली फरशी आणि अर्थिंग नसलेलं घर, यातून विदर्भात दर उन्हाळ्यात जीव जातात. रंगाचा खर्च पुढे ढकला, पण हा ढकलू नका.

तोंडी व्यवहार

घर सामाईक असेल तर भिंतीला हात लावण्याआधी सगळ्या भावंडांची लेखी संमती घ्या. घर हेरिटेज यादीत आहे का, हे महापालिकेत विचारून घ्या. ठेकेदाराशी कामाचा क्रम लिहून ठरवा: आधी छप्पर, मग पाण्याचा निचरा, मग भिंती आणि लाकूड, मग वीज, मग प्लास्टर आणि सगळ्यात शेवटी रंग. पैसेही त्याच टप्प्यांनी द्या. निघालेलं लाकूड, कवेलू आणि विटा घरमालकाच्या, ही ओळ करारात आवर्जून घाला.