नॅस बदलताय? डिस्क उपसण्याआधीची तयारी

नॅस म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेला, डिस्क भरलेला साठवणीचा डबा; सायनॉलॉजी आणि क्यूनॅप या तो बनवणाऱ्या कंपन्या. सायनॉलॉजीतल्या डिस्क काढून क्यूनॅपमध्ये घातल्या, की नवा डबा डिस्क ओळखतो, डेटा ओळखत नाही. 'इनिशियलाइझ करू का' असं विचारतो, आणि हो म्हटलं की सगळं कोरं. दोन्हीकडे आत लिनक्सच असतं, रेडही (अनेक डिस्क एकत्र बांधायची पद्धत) बहुधा लिनक्सचीच; पण वरची मांडणी, म्हणजे फाइल सिस्टिम, वेगळी. सायनॉलॉजी ईएक्सटी४ किंवा बीटीआरएफएस वापरते, क्यूनॅपची क्यूटीएस ही प्रणाली कंपनीने स्वतः बदललेल्या एलव्हीएमवर (डिस्कची जागा वाटून देणारा थर) ईएक्सटी४ ठेवते, क्यूनॅपचीच क्यूटीएस हिरो आणि ट्रूनॅस या प्रणाली झेडएफएसवर चालतात. म्हणून आधी डेटा तिसऱ्या जागी न्यायचा, डिस्क मागाहून हलवायच्या. एकाच कंपनीच्या जुन्या डब्यातून नव्यात जायचं असेल तर बहुतेक वेळा डिस्क तशाच चालतात. कंपनीच्या मायग्रेशन तक्त्यात दोन्ही मॉडेल बघून घ्या.

तिसरी जागा म्हणजे यूएसबीवरची मोठी डिस्क. किती मोठी, हे डब्याची क्षमता बघून ठरवू नका, प्रत्यक्ष वापर बघा. ४ टीबीच्या दोन डिस्क मिररमध्ये (दोन्हींवर एकच डेटा) असतील आणि वापर २.६ टीबी असेल तर ४ टीबीची एक पुरते. रिसायकल बिन आधी रिकामी करा. बाहेरची डिस्क फॅट३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल जाणारच नाही, आणि लग्नाचे व्हिडिओ नेमके त्याहून मोठे असतात. डॉक (सुटी डिस्क यूएसबीला जोडायचा स्टँड) वापरणार असाल तर दोन गोष्टी तपासा: काही जुने डॉक २ टीबीच्या पुढे जात नाहीत, आणि काही डॉक सेक्टरचा आकार ४ केबी असल्याचं भासवतात. अशा डॉकवर भरलेली डिस्क नंतर थेट साटाला (डब्यातल्या किंवा पीसीतल्या जोडणीला) लावली की पार्टिशन दिसत नाही. भरली ज्या डॉकवर, वाचा त्याच डॉकवर. हायपर बॅकअपचा (सायनॉलॉजीचं बॅकअप ॲप) फोल्डर नुसता कॉपी करून भागत नाही. तो उघडायला हायपर बॅकअप किंवा हायपर बॅकअप एक्स्प्लोरर लागतो. म्हणून साध्या फाइलींची कॉपी वेगळी घ्याच.

आता मराठी फाइलनावं. इकडे सहसा कुणी लक्ष देत नाही, आणि कॉपी अर्ध्यात अडते ती इथेच. लिनक्सच्या फाइल सिस्टिममध्ये नावाची मर्यादा २५५ बाइट असते. इंग्रजी अक्षराला १ बाइट लागतो, देवनागरीत प्रत्येक अक्षर, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त यांना प्रत्येकी ३. 'स्त्री' लिहायला १८ बाइट लागतात. म्हणजे निव्वळ देवनागरीत ८५ चिन्हं. सायनॉलॉजीच्या एन्क्रिप्टेड शेअर्ड फोल्डरमध्ये तर मर्यादा १४३ बाइट, म्हणजे जेमतेम ४७ चिन्हं. 'जमीन गट क्रमांक १२७ सातबारा उतारा आणि फेरफार नोंद २०१९' हे नाव दिसायला साधं आहे, पण एक्स्टेंशन न धरताही १४४ बाइट भरतं. विंडोजवर हेच नाव बिनदिक्कत चालतं, त्यामुळे घरातल्या कुणालाच काही चुकतंय असं वाटत नाही. नव्या डब्यात शेअर एन्क्रिप्ट करणार असाल तर लांब नावं आधीच आखूड करा. डीएसएम (सायनॉलॉजीची प्रणाली) ७.२ पासून पूर्ण व्हॉल्यूम, म्हणजे सगळे फोल्डर ज्यात असतात तो भाग, एन्क्रिप्ट करता येतं, तिथे ही १४३ ची अट नाही. मराठी नावांसाठी तोच मार्ग बरा.

वायर बघा. गिगाबिट नेटवर्कवर सेकंदाला साधारण ११० एमबी मिळतात, म्हणजे ४ टीबीला दहा तास. फायबरवाल्याने दिलेल्या राउटरचे पोर्ट १०० एमबीपीएसचे असतील, किंवा केबलमधल्या आठपैकी चारच तारा क्रिम्प केलेल्या असतील, तर त्याच कामाला चार दिवस लागतात. दोन्ही डबे थेट एका गिगाबिट स्विचला जोडा. हजारो बारीक फोटो असतील तर गिगाबिटवरही वेळ जास्तच धरा.

मे महिन्यात लातूर-नांदेडकडे हे काम काढू नका. बाहेर पारा ४० च्या पुढे असताना बंद कपाटातल्या डिस्क ५० अंशांवर सहज जातात, आणि कॉपी व रेड सिंक (डिस्क एकमेकींशी जुळवणं) मिळून त्या दिवसभर सतत फिरत असतात. डबा कपाटाबाहेर काढा, पंख्याखाली ठेवा, ५० दिसलं तर काम थांबवा. लाईटचा भरवसा नाहीच. घरच्या इन्व्हर्टरला यूपीएस मोडचं बटण असेल तर ते चालू असल्याची खात्री करा; साध्या मोडमध्ये बदलाला लागणारा क्षणभर वेळही नॅस बंद पाडू शकतो. त्यापेक्षा ६०० व्हीएचा छोटा यूपीएस घेऊन यूएसबीने नॅसला जोडा. दोन डिस्कच्या डब्याला वीज फार लागत नाही, आणि बॅटरी उतरू लागली की डबा नीट बंद होतो.

स्मार्टची (डिस्क स्वतःची तब्येत नोंदवते ती सोय) विस्तारित चाचणी सगळ्या डिस्कवर आधी चालवा. ५, १९७ आणि १९८ या (खराब किंवा संशयित सेक्टरच्या) ओळींत शून्याखेरीज काही असेल तर ती डिस्क नव्या डब्यात नेऊ नका. १९९ वाढत असेल तर दोष बहुधा केबलचा किंवा जोडणीचा.

कागदावर उतरवून ठेवा: कोणत्या बेमध्ये (खणात) कोणती डिस्क, सीरियलचे शेवटचे चार आकडे, युजर आणि त्यांचे हक्क. परवानग्या आणि स्नॅपशॉट (डेटाच्या जुन्या वेळच्या नोंदी) दुसऱ्या कंपनीच्या डब्यात येत नाहीत; परवानग्या हातानेच पुन्हा लावाव्या लागतात. एन्क्रिप्शनची की एक्स्पोर्ट करून पेन ड्राइव्हवर घ्या. साडेतीन इंची डिस्कला ६-३२ आटे, अडीच इंचीला एम३. एकाचे स्क्रू दुसऱ्यात पिळू नका. बाहेरच्या यूएसबी केसमधून काढलेली डिस्क नव्या डब्यात फिरतच नसेल तर साटाच्या तिसऱ्या पिनवरचा ३.३ व्होल्ट तिला बंद ठेवत असू शकतो; त्या पिनवर कॅप्टॉन टेप (वीज न वाहू देणारी) लावतात. २०२० मध्ये डब्ल्यूडी रेडच्या २ ते ६ टीबी मॉडेलांपैकी काही एसएमआर (एकमेकांवर चढलेले ट्रॅक, म्हणून पुन्हा लिहायला संथ) असल्याचं बाहेर आलं. तशा डिस्क झेडएफएसमध्ये टाकणं टाळा.

कॉपी आरसिंकने (फाइली ताडून कॉपी करणारं लिनक्सचं साधन) करा. सायनॉलॉजीचे 'ईएडीर' आणि क्यूनॅपचे थंबनेल फोल्डर वगळा. दुसऱ्यांदा चेकसमसह (फाइलींच्या आतला मजकूर ताडून), प्रत्यक्ष कॉपी न करता चालवा. एकही फरक दाखवला नाही तरच जुन्या डब्याला हात लावा. मिररमधली एक डिस्क काढून नव्यात घालायची आणि उरलेल्या एकीवरून कॉपी करायची, ही युक्ती चालते, पण त्या काळात रेड नसतेच. यूएसबीवर तिसरी प्रत असेल तरच करा.

जुना डबाच मेला असेल तर डिस्क विंडोजला जोडून 'फॉरमॅट करू का' ला हो म्हणू नका. लिनक्सवर एमडीएडीएम या साधनाने रेड जोडा, मग एलव्हीएम चालू करा आणि फक्त वाचण्यासाठी माउंट करा. सायनॉलॉजीची डिस्क बहुतेक अशीच उघडते. क्यूनॅपच्या थिक किंवा थिन (बदललेल्या एलव्हीएमवरच्या) व्हॉल्यूमला साधं लिनक्स दाद देत नाही, तिथे दुसरा क्यूनॅपच शोधावा लागतो. डब्ल्यूडीच्या जुन्या माय बुक लाइव्ह या नेटवर्क डिस्कची ब्लॉक साइज ६४ केबी होती, ती साध्या पीसीवर सहसा थेट माउंट होत नाही. तिला फ्यूजचा ईएक्सटी२ ड्रायव्हर लागतो.