माउंट सॉलिटरी एका दिवसात करताय? परतीच्या चढाचा हिशोब आधी करा

सिडनीहून ब्लू माउंटन्समधल्या माउंट सॉलिटरी या डोंगरावर डे हाइकला जाणाऱ्यांनी एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, आपल्या सह्याद्रीत आधी गड चढायचा नि मग उतरायचं, इथे नेमकं उलटंय. कटूम्बाजवळ नॅरो नेक पठारावरच्या ग्लेनराफेल ड्राइव्हवरून गोल्डन स्टेअर्स या पायऱ्यांच्या वाटेने खाली उतरलात की पुढे फेडरल पासची झाडीतली वाट बरीचशी सपाट आहे, त्यामुळे एकदम सोपं वाटतं, मग रुइन्ड कॅसल नावाचे खडक मागे टाकून नाइफ एजचा खडकाळ चढ लागतो, तिथे हात टेकवत चढावं लागतं, आणि एवढं करून परत येताना पाय पार गळालेले असताना तोच गोल्डन स्टेअर्स चढायचा असतो! म्हणून निघतानाच परत फिरायची वेळ ठरवा, आणि ती झाली की टॉप समोर दिसत असला तरी मागे फिरा. जूनमध्ये, म्हणजे इथल्या हिवाळ्यात, पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, हेडटॉर्च हवाच.

पाणी उन्हाळ्यात माणशी तीन लिटर तरी घ्या, नि शेवटचा एक लिटर परतीच्या चढासाठी राखून ठेवा. रुंद इलॅस्टिक बँडेज पण सोबत असू द्या. साप चावलाच तर जखम धुवायची नाही, चिरायची तर अजिबात नाही, अख्खा हात किंवा पाय घट्ट गुंडाळायचा, त्या माणसाला अजिबात हलू द्यायचं नाही नि 000 ला (इथला इमर्जन्सी नंबर) फोन. खाली दरीत रेंजचा भरवसा नाही, त्यामुळे पर्सनल लोकेटर बीकन (संकटात उपग्रहामार्फत तुमचं ठिकाण कळवणारं छोटं यंत्र) न्याच. आणि निघायच्या आदल्या दिवशी नॅशनल पार्क्सच्या साइटवर ट्रॅक चालू आहे ना ते बघा, पाऊस किंवा आगीमुळे बंद करतात.